आधी वरचा बोल्ट

गावाचं नाव सूर,
आणि खमीसच्या हायेसला तिसऱ्या गिअरमध्ये
सूर सापडत नाही.
चौऱ्याण्णवची गाडी. मागे बर्फ, सुरमई,
कधी सुकवलेल्या मुशीची पोती.
परवा उभी होती तिथे सिमेंटवर
चहाच्या बशीएवढा काळा डाग.

मुजीब, खड्ड्यात उतर.
चप्पल नको, बूट घाल.
मुद्दाम वीस मिनिटं फिरवून आणलीय,
ऊन तेल घाण घेऊन बाहेर पडतं,
गार तेल रुसलेल्या जावयासारखं
तळाशी बसून राहतं.

आधी वरचा बोल्ट सोड. भरायचा.
खालच्याला हातसुद्धा लावू नकोस.
मी लावला होता, ह्याच खड्ड्यात, नवा होतो तेव्हा.
सगळं तेल परातीत,
आणि वरचा गंजून बसलेला, हलेना.
तीन दिवस गाडी उभी,
पगारातून एकवीस रियाल.
तुझ्या बापाला फोनवर हेच सांगितलं होतं,
तो मंडणगडचं दुकान विकून इकडे यायचं म्हणत होता तेव्हा:
रिकामं करण्याआधी भरायची वाट उघडते का बघ.
तो म्हणाला, माझ्याकडे कुठे गाडी आहे?

हं. आता खालचा.
वास येतोय ना? गंधकाचा.
रजेवर गेलो की तुझी काकी
दोन रात्री माझी उशी वेगळी ठेवते.
बोल्टाच्या चुंबकावर लव आलीय, बोटांत चोळ.
मऊ लागली तर वयाची झीज.
टोचली तर दात गेला.
टोचत नाही?
मग म्हातारी अजून चावते.

खमीस म्हणतो, सील बदल, खलास.
दोन वर्षांत तीन बदलले.
ओठाला ग्रीस लावून,
वर पाईपचा तुकडा धरून, सरळ ठोकून,
माझ्या हातचं वाकडं बसत नाही.
चौथ्या महिन्यात पुन्हा बशी.
खमीसचे वडील होड्या बांधायचे,
फटीत कापूस ठासायचे माशाच्या तेलात भिजवून.
मी म्हटलं, होडीत पाणी आत येतं, इथे तेल बाहेर जातं.
तो हसला. म्हणाला, गळणं ते गळणंच.
आणि पैसे देताना अर्धा रियाल कमी दिला.

मग एका रात्री एसी बंद पडला, झोप येईना,
तेव्हा आठवलं:
पेटीच्या डोक्यावर एक टोपी असते,
करंगळीच्या नखाएवढी. ब्रीदर.
खाली पडून काम करणाऱ्याला ती दिसत नाही,
वरून बघणाऱ्याला तर मुळीच नाही.
बॅटरी लावून चाचपली.
वाळू, मीठ, खवल्यांचा चिखल, पक्की बुजलेली.
गाडी तापते, आतली हवा फुगते,
जायला जागा मागते,
नाही मिळाली की जिथे ओठ मऊ
तिथून तेल ढकलते.
आणि आम्ही सीलला शिव्या घालतो.

ही तार घे. वाकवून दिलीय.
हात वर घाल, अजून, डावीकडे,
टोपी लागली?
जोर नको. फिरव. फुंकर मार.

तुला येऊन आज अकरा दिवस.
जेवायला ये म्हटलं की येतोस, झोप म्हटलं की झोपतोस.
तुझा फोन पाट्यापान्यांच्या कपाटात चार्जिंगला आहे,
सकाळपासून आईचे आठ कॉल.
काही नाही, सांगितलं.
तार फिरव.

आता भर. काठावरून एक थेंब ओघळेपर्यंत,
करंगळी आत घालून बघ, काठाला लागलं पाहिजे.
तांब्याचं वायसर नवं घे.
जुनं एकदा दबलं की दुसऱ्यांदा दबत नाही,
त्या डब्यात टाक, भंगारवाला घेतो.
आणि खाली पुठ्ठा सरकव, सफरचंदाच्या खोक्याचा,
कोपऱ्यात तारीख लिही.

लिहिलीस?
आता वर ये, हात धू, आणि फोन घे.
उद्या सकाळी आधी पुठ्ठा बघायचा,
मग चहा.